कोचिंग सोडून धंद्यात उतरलेले सर आणि त्यांच्या मेहुण्याबरोबरचं भांडण

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा एक प्रश्न गेल्या काही वर्षांत फार वाढलाय, तो साधारण असा असतो, "मॅडम, नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं, काम बरं चाललंय, पण ज्याच्याबरोबर सुरू केलं त्याच्याशीच रोज वाजायला लागलंय, काय करू?" आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असे धंदे बहुतेक करून घरच्याच माणसाबरोबर सुरू होतात, भाऊ, साडू, मेहुणा नाहीतर शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे भांडण झालं तर ते शटर ओढून तिथंच ठेवता येत नाही, ते घरी जेवणाच्या ताटापर्यंत येतं. अशीच एक केस सांगते, त्या कुटुंबाला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सर कबड्डीचे कोच. एका खाजगी शाळेत बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होते, पोरं राज्य पातळीपर्यंत नेली, पण पगार दहाच महिन्यांचा, मे-जूनमध्ये हात मोकळे. शेवटी नोकरी सोडली आणि येळ्ळूरच्या बाजूला एक शेड आणि शेजारचा मोकळा प्लॉट भाड्यानं घेतला. शेडमध्ये कबड्डीची मॅट आणि प्लॉटवर बॉक्स क्रिकेटची (चारी बाजूंनी जाळीत खेळायच्या क्रिकेटची) टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, जाळी, लाईट. पार्टनर कोण तर बायकोचा धाकटा भाऊ, जो आधी उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर होता. सरांनी 6 लाख घातले, मेहुण्यानं 9. कागदावर काहीच नाही, "घरातल्या घरात कसला कागद" असं सासऱ्यांनीच म्हटलेलं.

आधी बायको आली एकटीच. म्हणाली, मॅडम, दोघंही माझ्याकडेच सांगतात, "तुझ्या भावाला सांग" आणि "दाजींना सांग", मी काय पोस्टमन हाय काय. भाऊ पंधरा दिवस घरी आलेला नाही, आई फोनवर रडते.

झालेलं असं होतं. एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सर पोरांना घेऊन शेडमध्ये आले तर मॅट नाही. 13 बाय 10 मीटरचं मैदान म्हणजे केवढी मॅट बघा, ती सगळी तुकडे तुकडे सोडवून भिंतीला लावून ठेवलेली आणि मधे फुगे, केकचं टेबल, स्पीकर. मेहुण्यानं वाढदिवसासाठी शेड भाड्यानं दिलेली. सरांनी तिथंच, गिऱ्हाईक उभं असताना, पोरं उभी असताना, शाळेत ओरडायचे तसं ओरडायला सुरुवात केली. मेहुणा एक शब्द बोलला नाही, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. तेव्हापासून टर्फचा फोन तो उचलत नव्हता आणि सर बुकिंग चुकवत होते.

सर मला भेटले तेव्हा पहिलं वाक्य हेच, "मी काय चुकीचं बोललो काय सांगा की मॅडम, मी खरंच तेच सांगालोय न्हवं?"

आता मुद्दा असा की ते बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं. पोरांचा सराव बुडाला, विचारलं नाही, हे खरंच. पण माझं स्पष्ट मत आहे, अशा भांडणात खरं कोण बोललं हे ठरवायला समुपदेशकानं बसूच नये, कारण दोघंही खरंच बोलत असतात. मेहुण्याला वेगळं बोलावलं तेव्हा त्याची बाजू कळली. सरांनी नऊ पोरांची फी माफ केलेली, गरीब घरची पोरं, पण हे मेहुण्याला सांगितलंच नव्हतं. त्याला हिशोब जुळवताना कळलं. त्याच्या डोक्यात एकच, शेड रोज संध्याकाळी अडकते आणि त्यातून भाडंसुद्धा निघत नाही, आणि विचारायला गेलं की दाजी कोच होतात. "मी त्यांचा विद्यार्थी न्हाई मॅडम", हे तो मला फार दुखावून म्हणाला.

हे वाक्य मी सरांना सांगितलं (त्याच्या परवानगीनं) आणि मग आमचं खरं काम सुरू झालं. शाळेत सरांचा आवाज चालायचा कारण तो अधिकार शाळेनं दिलेला होता आणि पोरांनी मानलेला होता. पार्टनरनं तो मानलेला नसतो, त्यानं पैसे घातलेले असतात. कोचिंगमधून धंद्यात येणाऱ्या माणसाला हाच बदल सगळ्यात जड जातो असं मी पुन्हा पुन्हा बघितलंय, मार्केटिंग, हिशोब, लायसन ही सगळी शिकता येणारी कामं आहेत, पण वीस वर्षं शिट्टी हातात असलेल्या माणसाला बरोबरीच्या माणसाशी "नाही" कसं बोलायचं याची सवयच नसते.

पण म्हणून कोचिंगचं सगळं विसरा असं मी कधीच सांगत नाही, उलट त्यातच उत्तर असतं. मी सरांना विचारलं, फायनल हरल्यावर तुम्ही पोरांना त्याच रात्री बोलता काय? ते म्हणाले छे, त्या रात्री काहीच बोलायचं नसतंय, डोकी गरम असतात, जेवायला घालायचं, दुसऱ्या दिवशी मॅचचा व्हिडिओ लावायचा आणि कुठली रेड कुठं गेली ते सगळ्यांनी मिळून बघायचं, मग कुणाला सांगावं लागत नाही कोण चुकलं, त्यालाच दिसतंय. मी म्हटलं, मग मेहुण्याबरोबर व्हिडिओ कुठाय? ते बराच वेळ गप्प बसले.

तर आम्ही पहिलं तेच केलं. दर सोमवारी सकाळी, टर्फ रिकामी असते तेव्हा, बुकिंगची वही आणि बँकेचं स्टेटमेंट मधे ठेवून दोघांनी बसायचं, आधी नुसतं वाचायचं, काय झालं ते. कुणी का केलं हे नंतर. आठवड्यात राग आला तर तो सोमवारसाठी लिहून ठेवायचा, गिऱ्हाईक आणि पोरांसमोर एक शब्द नाही. आणि अगदीच तोल जातोय असं वाटलं तर सांगून बाहेर जायचं, "मी जरा फिरून येतो, अर्ध्या तासानं बोलू" असं. न सांगता निघून जाणं वेगळं, ते समोरच्याला शिक्षा दिल्यासारखं होतं, मेहुण्यानं किल्ल्या टाकून तेच केलेलं. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नवरा-बायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात शरीर तापलेलं असताना निदान वीस मिनिटं तरी थांबा असं सांगितलंय, आणि बोलणं ज्या सुरात सुरू होतं बहुतेक त्याच सुरात संपतं असंही दिसलं. पार्टनरांचंही फार वेगळं नसतं. सरांची सुरुवात नेहमी "तुला कळत नाही काय" अशी व्हायची. आम्ही ती माझ्यासमोर बदलून बदलून बघितली, शेवटी त्यांच्याच तोंडून आलं, "शनिवारी मॅट काढलेली बघून पोरांसमोर माझी मान खाली गेली, पुढच्या वेळी आदल्या दिवशी मला फोन कर." एवढंच. मेहुणा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलला, "आणि फी माफ करताना मला सांगा."

आता कागदाचं. हे समुपदेशकाचं काम नाही असं काहींना वाटेल पण निम्मी भांडणं इथंच शिजतात म्हणून मी विचारतेच. सरांना वाटत होतं मी रोज राबतो म्हणजे मला पगार हवा, मेहुण्याला वाटत होतं माझे पैसे जास्त म्हणजे नफ्यात वाटा जास्त. दोघांनाही खात्री. पण 1932 चा भारतीय भागीदारी कायदा काय म्हणतो तर आपापसात काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान, भांडवल कमी-जास्त असलं तरी समान, आणि काम करणाऱ्या पार्टनरला वेगळा पगार नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे धंद्याला दिले असतील तर त्यावर वर्षाला 6 टक्के व्याज. म्हणजे दोघं ज्याच्यासाठी भांडत होते ते न ठरवता कुणालाच मिळणार नव्हतं! त्याच कायद्यात आहे की रोजच्या कामातले मतभेद बहुमतानं सोडवायचे, पण ठरवण्याआधी प्रत्येक पार्टनरला मत मांडायचा हक्क आहे, आणि दोघंच असले तर बहुमत कुठून आणणार. म्हणून मी त्यांना वकिलाकडे आणि सीएकडे पाठवलं, डीड म्हणजे भागीदारीचा लेखी करार करायला आणि फर्मची नोंदणी करायला, कारण नोंदणी नसेल तर उद्या एकमेकांविरुद्ध किंवा पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध करारावरून दावा लावायला अडचण येते.

एक गोष्ट मात्र फक्त आपल्याच भागात येते आणि ती फार खोल जाते. सरांचं शिक्षण मराठी शाळेत झालंय, कन्नड बोलतात व्यवस्थित, पण भाडेकरार कन्नडमध्ये, महानगरपालिकेचं ट्रेड लायसन कन्नडमध्ये, हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, कनेक्शनचे कागद कन्नडमध्ये, आणि हे सगळं मेहुणा बघायचा कारण तो कन्नड माध्यमात शिकलेला. सर सही करायचे आणि मनात शंका घेऊन घरी जायचे, लाज वाटायची म्हणून विचारायचे नाहीत. मेहुण्याला वाटायचं दाजी माझ्यावर सगळं टाकून मोकळे होतात. ही शंका मॅटपेक्षा मोठी होती, आणि ती बोलायला सरांना माझ्याकडे यावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं. उपाय साधा निघाला, प्रत्येक कागद मेहुणा सही आधी मोठ्यानं वाचून अर्थ सांगणार, त्याचं मराठीत एक पान सर स्वतःच्या अक्षरात लिहून फाईलला लावणार, आणि हिशोबाच्या वह्या दोघांनाही कधीही बघता येणार, तो तर कायद्यानंही हक्कच आहे.

बाकी वाटण्या लवकर झाल्या. सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते सात शेड पोरांची, रविवारी भाड्यानं द्यायला मेहुणा मोकळा, मॅट परत बसवून द्यायची जबाबदारी त्याचीच. टर्फचे रेट, स्टाफ, लाईट त्याच्याकडे, मॅट आणि कोचिंग सरांकडे, 20,000 च्या वरचा खर्च दोघांच्या सहीनं. माफीची पोरं नऊच राहतील, दहावं घ्यायचं तर सोमवारी बोलून. आणि बायकोच्या मार्फत एकही निरोप जाणार नाही, ही अट मी स्वतः घातली आणि तिच्यासमोर दोघांकडून हो म्हणवून घेतलं.

सगळेच पार्टनर असे बसत नाहीत हेही सांगते. जिथं पैसे लपवलेत, धमक्या आहेत किंवा हात उचललाय तिथं मी सोमवारच्या बैठका सुचवत नाही, सरळ वकील आणि गरज असेल तर पोलीस. आणि ज्यांनी अजून नोकरी सोडलेली नाही अशा कोचना माझं कळकळीचं सांगणं आहे, जागा बघायच्या आधी पार्टनरबरोबर एक पान लिहा, कोण काय ठरवणार, कुणी किती पैसे उचलायचे, आणि पटलं नाही तर बाहेर कसं पडायचं. तिसऱ्या मुद्द्यावर लोक चिडतात, "सुरू व्हायच्या आधीच मोडायची भाषा" म्हणतात, तरी लिहा.

या दोघांचं डीड अजून सही व्हायचंय. नफ्याच्या वाट्यावर अडलंय. सरांना कोचिंगसाठी महिन्याला ठराविक रक्कम हवी आहे, मेहुणा म्हणतो पावसाळ्यात आपल्याकडे टर्फ तीन-चार महिने जवळपास बंदच असते तेव्हा ती रक्कम कुठून काढायची, आणि त्याचं म्हणणं मला रास्त वाटतं, सरांचंही वाटतं. मागच्या बैठकीत सीएनं पावसाळ्यात निम्मी आणि एप्रिल-मेच्या समर कॅम्पनंतर उरलेली असा एक आकडा मांडलाय, त्यावर येत्या सोमवारी बसणार आहेत, यावेळी मी नसताना, दोघंच.