एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमची लॅब्राडोर चेरी १४ महिन्यांची आहे. आता दुसऱ्यांदा माजावर आली आहे. ज्यांच्याकडून चेरी घेतली, त्यांच्याकडूनच वर्धमाननगरच्या एका ओळखीच्यांनी नर घेतलेला आहे. ते म्हणतात, मेटिंग करून घेऊ, पैसे नकोत, फक्त आमच्या पसंतीचं एक पिल्लू द्या. सासूबाई म्हणतात, मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, नाहीतर गर्भाशय खराब होतं. यजमानांचं म्हणणं, खर्चही निघेल. काय करावं?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, या वेळी तर नाहीच. पुढच्या वेळी करायचं का, तेही खालचं वाचून ठरवा.

सासूबाईंचा मान राखून सांगतो, ही समजूत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत आहे आणि तिला काही आधार नाही. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी काही माद्यांच्या गर्भाशयात पू होतो. आम्ही त्याला पायोमेट्रा म्हणतो, जिवावरचं दुखणं आहे. एकदा पिल्लं झाली म्हणून ते टळत नाही. टळतं ते नसबंदीनं, कारण तिच्यात गर्भाशयच काढून टाकतात.

आता वय. १४ महिन्यांची चेरी दिसायला मोठी, पण अजून पोरगीच आहे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत मादी किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको आणि आयुष्यात पाचाच्या वर नकोत, असं स्पष्ट आहे. विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. "आम्ही काय ब्रीडर आहोत का?" असं लोक मला विचारतात. पिल्लं विकणार ना? मग आहात.

मला तुमच्या पत्रातली वेगळीच गोष्ट खटकली. दोघंही एकाच माणसाकडची! त्यांचा बाप एकच नसेल कशावरून? दोघांची वंशावळ मागा. कागद नाहीत म्हणाले तर विषय तिथेच संपला. कागद असले, तरी लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून उतरतो, आणि वरून छान पळणाऱ्या कुत्र्यातही तो असू शकतो. म्हणून वयाची दोन वर्षं झाल्यावर दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढायचा. सेमिनरी हिल्सला आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात चौकशी करा. शिवाय दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी हवी. हा रोग मेटिंगमधून पसरतो, गर्भ पडतात आणि माणसालाही लागण होऊ शकते. एवढं विचारल्यावर नरवाले काका फोन उचलेनासे झाले, तर समजून घ्या.

खर्च निघण्याचं म्हणाल तर यजमानांना कागद-पेन घेऊन बसवा. लॅबला सहा-आठ पिल्लं सहज होतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, सहाव्या-आठव्या आठवड्यात लस. चौथ्या आठवड्यापासून ती खायला लागतात, आणि जेवढं खातात त्याहून जास्त वेळा तुम्ही फरशी पुसता. रात्री दोन वाजता पिल्लू अडलं तर सिझेरियन. पसंतीचं पिल्लू नरवाले आधीच उचलून नेणार. मग "आम्हाला एक ठेवाच हं" म्हणणारे सगळे दिवाळीला गावी जातात, आणि चार महिन्यांची दोन धिप्पाड पोरं व्हरांड्यातल्या चपला फाडत बसतात. अशी जोडी माझ्याकडे दर हिवाळ्यात येते, सोबत "डॉक्टरसाहेब, कोणी घेतं का पाहा ना जी" ही विनंतीही येते.

म्हणून माझी एकच अट असते. मेटिंगच्या आधी पिल्लं घेणाऱ्यांची नावं लिहून दाखवा, आणि त्यांतलं एखादं दोन वर्षांनी परत आलं तर ठेवून घ्याल का, ते सांगा. याला "हो" म्हणता येत नसेल तर माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करून टाका. तोवर तीन आठवडे चेरीला साखळीशिवाय बाहेर सोडू नका. रक्त फिकं झालं की लोकांना वाटतं, माज संपला. खरा धोका तेव्हाच असतो. आणि कंपाउंडच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, गल्लीतले नर काय उड्या मारतात बाप्पा!

प्रश्न : आमची स्पिट्झ व्याली, पाच पिल्लं. अठराव्या दिवशी दुपारी ती जोरजोरात धापा टाकायला लागली. मे महिना, ऊन लागलं समजून आम्ही ओला टॉवेल टाकला. तासाभरात पाय ताठ झाले, अंग थरथरायला लागलं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि ती वाचली. पण गाभण असताना आम्ही तिला रोज कॅल्शियमचं औषध पाजत होतो. मग कमी कसं पडलं?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : पाजत होतात, म्हणूनच पडलं असण्याची शक्यता जास्त. हाडांमधलं कॅल्शियम रक्तात सोडायचं काम गळ्याजवळच्या बारीक ग्रंथींच्या संप्रेरकाचं. गाभणपणात वरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की त्या ग्रंथी सुस्तावतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध ऐन भरात येतं, पाच तोंडं ओढायला लागतात, रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि ग्रंथींना जाग येईपर्यंत उशीर झालेला असतो. लहान जातीच्या कुत्र्या आणि पिल्लं जास्त, हे याचं नेहमीचं गणित. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठी असलेलं चांगलं खाद्य पोटभर द्यावं, ते पुरतं. कॅल्शियमची बाटली स्वतःच्या मनानं आणू नये.

मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात धापणारं कुत्रं पाहून ऊन लागलं असं वाटणारच, शिवाय या दुखण्यातही अंग तापतं. पण अंगावर पिणारी पिल्लं असली आणि चेहऱ्याचे स्नायू उडताना, चाल ताठ झालेली दिसली, तर टॉवेल भिजवत बसू नका, रिक्षा बोलवा. अशा वेळी पिल्लं निदान एक दिवस आईपासून तोडून वरचं दूध द्यायचं. तेही पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं. गाईचं नको, त्यानं हगवण लागते. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. तुमची आता तीन आठवड्यांच्या पुढची असतील, त्यांना पातळ भिजवलेलं खाद्य चाटवायला लागा, म्हणजे आईवरचा भार कमी होईल. पुढच्या वेळी... खरं तर तिला पुढची वेळ नकोच. एकदा झालं की पुन्हा होण्याचा धोका राहतो.

प्रश्न : नव्या पिल्लांना उबेसाठी बल्ब लावायचा असं वाचलं. आमच्याकडे मेमध्ये जन्मणार आहेत. लावायचाच का?
— एक वाचक, काटोल रोड

उत्तर : ते लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे पाहिलेला नसावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३० अंशांच्या आसपास ऊब पुरते, आणि आपल्याकडे बाहेर ४५ असतं. पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, थंडीनं मरतात तशी उष्म्यानंही मरतात. खोलीत कूलर लावा, पण त्याचा ओला झोत पिल्लांच्या पेटीवर नको. थर्मामीटर भिंतीला न टांगता पेटीच्या तळाशी ठेवा. पिल्लं एकमेकांवर रचून झोपली तर गारठली आहेत, दूर दूर पसरून किरकिरत असली तर तापली आहेत. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. गळ्यात रंगीत लोकर सैल बांधली की कोण कोणतं ते कळतं, फक्त रोज सोडून पुन्हा बांधा, कारण मान जाडावत असते. एखाद्याचं वजन सलग दोन दिवस वाढलं नाही तर त्याला दूध जास्त असलेल्या मागच्या सडांशी लावा आणि डॉक्टरांना दाखवा. बल्ब डिसेंबरच्या वेतासाठी ठेवून द्या.

प्रश्न : विकणारा म्हणतो, ४० दिवसांचं पिल्लू आणलं की चांगला लळा लागतो. आणू का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : १६ दिवस थांबा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकणं नियमात बसत नाही. शिवाय चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे पिल्लू याच दिवसांत भावंडांशी खेळताना शिकतं. लळा दहाव्या आठवड्यातही लागतो. तोवर एकदा जाऊन पिल्लाची आई पाहून या, आणि लसीचं कार्ड मागा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी, नुसती पेननं लिहिलेली तारीख चालणार नाही.