तेरा एंड तुमचे, सामना आजोबांचा

प्रश्न : मी निवृत्त, जुळे सोलापूरला राहतो. मुलगा मेलबर्नला असतो. गेल्या वेळी चार महिने त्याच्याकडे होतो, तेव्हा जवळच्या क्लबात लॉन बोल्स शिकलो : हिरवळीवर जॅक नावाच्या लहान चेंडूच्या जवळात जवळ आपले मोठे चेंडू, म्हणजे बोल, घरंगळत न्यायचे. दोघांचे सगळे बोल टाकून झाले की एक एंड. निघायच्या आठवड्यात सिंगल्सचा सामना झाला. समोर ऐंशीचे आजोबा. 21 पैकी 13 एंड मी जिंकले, तरी 16-21 हरलो. माझे बोल जॅकला खेटून पडत होते, बघणारे टाळ्या देत होते. मुलगा म्हणतो, ‘नशीब, बाबा.’ मला पटत नाही. गुणांचं कार्ड आणि 14व्या एंडाचं चित्र सोबत जोडलंय. चुकलं कुठे?

उत्तर : तुमचं कार्ड घेऊन बसलो आणि चहा गार झाला. तुमच्या 13 एंडांत दहा वेळा एकेक शॉट, म्हणजे गुण, तीनदा दोन. झाले 16. आजोबांचे एंड आठच, पण त्यांत दोनदा चार, तीनदा तीन. आपल्या सगळ्यात जवळच्या बोलापेक्षा समोरच्याचे जितके बोल जॅकजवळ, तितके शॉट त्याचे. एंड किती जिंकले, हे कुणी विचारत नाही.

मी जन्मभर कबड्डी शिकवली. तरुणपणी पार्क मैदानावर एक सामना आम्ही चढायांत पुढे असून घालवला, कारण दोन लोण आमच्यावर चढले होते. घरी येताना सगळे पंचांना शिव्या देत होते, मीसुद्धा. (पंच बिचारे बरोबर होते.)

आणखी एक. एंड जिंकणाराच सहसा पुढच्या एंडाला उभं राहायची मॅट टाकतो, जॅक सोडतो, पहिला बोल टाकतो. म्हणजे शेवटचा बोल हरलेल्याच्या हातात. तुम्ही 13 वेळा जिंकलात आणि 13 वेळा आजोबांना शेवटचा बोल दिलात!

आता तो 14वा एंड. जॅकमागच्या आजोबांच्या तीन बोलांना तुम्ही चित्रात ‘वाया’ लिहिलंय. वाया कसले! ते वाट बघत बसले होते. शेवटच्या बोलाने त्यांनी जॅक मागे ढकलला आणि तुमचे चारही बोल जागच्या जागी लांबचे झाले. चार शॉट. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बायकांचा संघ उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध शेवटच्या एंडाआधी 12-13 मागे होता, आणि 16-13 जिंकला. एका एंडात चार. पुढे सुवर्णही आणलं. न्यूझीलंडच्या बायका काय वाईट खेळल्या होत्या?

तेव्हा जवळ टाकायचा हात तुमचा चांगलाच आहे, त्याची काळजी नको. एक शॉट हातात आला की पुढचा बोल जॅकच्या मागे, हातभर अंतरावर टाका. टाळ्या मिळणार नाहीत.

इथे बसून बोलाचं वळण घोटता येणार नाही, पण कॅरम बोर्ड असेलच. राणीला जॅक करा, काळ्या सोंगट्या तुमच्या, पांढऱ्या आजोबांच्या. तो एंड मांडा आणि राणी चारी बाजूंना थोडी थोडी सरकवून दर वेळी मोजा. मी काल नातवाच्या बोर्डावर मांडला. तुमचा एक बोल राणीच्या मागे, जरा डावीकडे असता, तर आजोबांना चारांऐवजी एकच शॉट मिळाला असता. तुमचा चौथा बोल मात्र चित्रात पुढेच, बाकी तिघांना चिकटून.