थ्रॅश मेटल, म्हणजे ते एकदम फास्ट, आक्रमक हेवी मेटल, संपलं होतं ना, मग हे एवढे नवीन बँड कुठून आले?
संपलं नव्हतं हो, ९०च्या दशकात ग्रंज नावाच्या रॉक संगीताच्या लाटेत मागे पडलं होतं एवढंच. २००० नंतर अमेरिकेत म्युनिसिपल वेस्ट, वॉरब्रिंगर, हॅवॉक, इंग्लंडात इव्हाइल अशी तरुण पोरं आली आणि मेटालिका-स्लेयर या जुन्या थ्रॅश बँडचा तो फास्ट आवाज परत उचलला. सुरुवातीला बरंचसं नक्कल वाटायचं, खरं सांगतो. पण डॅलसचा पॉवर ट्रिप हा बँड ऐका, हार्डकोर पंक (पंक रॉकचा जास्त फास्ट, रागीट प्रकार) आणि थ्रॅश असं काही मिसळलंय की अंगावर काटा येतो, त्यांचा २०१७चा अल्बम मी अजून दर आठवड्याला लावतो. गायक रायली गेल २०२० मध्ये ३४ व्या वर्षीच गेला, फार वाईट वाटलं, पण २०२३ मध्ये नवा गायक घेऊन बँड परत स्टेजवर आला.