मराठवाड्यात कोळशाची खाण नाही, मग परळी कोळशावर कशी जगते?

तुमचं खरं आहे, खाण परळीत नाही आणि अख्ख्या मराठवाड्यातही नाही. आपल्या मातीखाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. दगडी कोळसा त्याहून कितीतरी जुना. तो निघतो वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूरकडे, नाहीतर गोदावरीच्या खालच्या अंगाला सिंगरेणीच्या पट्ट्यात.

सिंगरेणीशी आपलं नातं मात्र जुनं. तिथल्या इल्लंदू भागात 1871 साली विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाला कोळसा सापडला आणि 1889 पासून तो काढायला लागले. इल्लंदू त्या खाणीवरच वाढलं. आज ते तेलंगणात असलं तरी तेव्हा ते आणि मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. परभणीकडून आणि विकाराबादकडून परळीला रूळ आले तेही निजामाच्याच काळात. ते रूळ नसते तर इथे थर्मल, म्हणजे कोळसा जाळून वीज बनवणारं केंद्र, उभं राहिलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

1971 साली 30 मेगावॉटचे दोन वीजसंच सुरू झाले. पुढे 210 चे तीन आले. ते सगळे आता बंद आहेत, 2007 पासून आलेले 250 चे तीन संच उरलेत.

माझे वडील कोळसा उतरवण्याच्या कामावर होते. टिपलर अख्खी वॅगन पकडून उलटी करतो, तरी पावसाळ्यात ओला कोळसा तळाला चिकटून राहायचा. मग माणसं पहारी घेऊन तो खरवडून काढायची. उन्हाळ्यात उलटं, ढिगारा आतून आपोआप पेटायचा आणि त्यावर दिवसभर पाणी मारावं लागायचं. वडिलांच्या नखांतली काळी रेघ निवृत्तीनंतरही बरेच दिवस गेली नव्हती.

बाकी गाव दोन गोष्टींवर चालतं: वैजनाथाला येणारे भाविक आणि राख. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ती सिमेंटला जाते, विटांना जाते. परळीच्या आसपास वीटभट्ट्या एवढ्या दिसतात त्या यामुळेच. मातीत राख मिसळली की वीट हलकी होते, माती वाचते आणि कितीतरी घरांना रोजगार मिळतो. पण ही राख श्वासात जाते, पिकावर बसते, तेव्हा ती उघड्या गाडीतून नेणं थांबलंच पाहिजे.

गावाची खरी नस मात्र पाणी आहे. थर्मलला ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येतं. 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळाने बंधारा आटला आणि सगळे संच बंद करावे लागले. गेटसमोरच्या टपऱ्यांवर सकाळच्या पाळीची गर्दी दिसेना, कंत्राटी पोरं कामासाठी पुण्याला निघाली. संच बंद म्हणजे ताजी राखही बंद. माझ्या मामांची वीटभट्टी आहे. त्या उन्हाळ्यात ते थर्मलच्या राख साठवण्याच्या तळ्यातली जुनी, घट्ट बसलेली राख कुदळीने खोदून आणत होते.