झोपेचं इंजेक्शन टोचू का?

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला शेतकरी, वय 52. रब्बीत आठवडाआड रातची लाईट असते. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला बाराला उठावं लागतं. आता दिवसाची लाईट असली तरी दोनला डोळे टक्क उघडतात आणि कर्जाचे आकडे डोक्यात फिरतात. पुण्याच्या भाच्यानं 'डीएसआयपी' नावाची पावडर ऑनलाइन मागवून दिलीय. पाण्यात कालवून पोटावर टोचायची म्हणतो. शरीरातच सापडणारं आहे, अपाय नाही म्हणतो. टोचू का?

उत्तर : दादा, टोचू नका.

भाच्यानं ऐकलंय ते निराधार नाही. 1970च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मॉनिए आणि शोनेनबर्गर यांच्या गटानं सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमसला विजेचा हलका प्रवाह देऊन त्यांना झोपवलं. मेंदूकडून परतणाऱ्या त्यांच्या रक्तातला एक अंश वेगळा काढून जाग्या सशांना दिला, तर त्यांच्या मेंदूच्या आलेखात गाढ झोपेच्या संथ डेल्टा लहरी वाढल्या. 1977 मध्ये रचना कळली : नऊ अमिनो आम्लांची साखळी. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात, आणि तेच हे डीएसआयपी.

शोध सुरेख होता, पण पुढं गाडं अडलं. हे पेप्टाइड बनवणारा जीन आणि ते जिथं जाऊन काम करतं तो रिसेप्टर, दोन्ही अजून ठामपणे सापडलेले नाहीत. रक्तात ते काही मिनिटांत तुटतं. 1980च्या दशकात निद्रानाशाच्या रुग्णांच्या छोट्या गटांना देऊन पाहिलं, फायदा किरकोळच दिसला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मंजुरी दिलेली नाही. ऑनलाइन येणाऱ्या बाटलीत पावडर कोणती, किती, निर्जंतुक आहे का, याची खात्री तुम्हाला कोण देणार? आणि शरीरातलं म्हणून निर्धोक, हे मला मुळीच पटत नाही. इन्सुलिनही शरीरातच बनतं, पण जास्त टोचलं तर माणूस दगावतो.

तुमच्या बाबतीत मला दुसरंच पेप्टाइड महत्त्वाचं वाटतं. सीआरएच. 1981 मध्ये त्याची रचना उलगडली. काळजी लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस ते सोडतो, त्याच्या सांगण्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. रात्रीच्या पहिल्या भागातली गाढ झोप ही साखळी दाबून धरते, पहाटे मात्र कॉर्टिसॉल आपोआप चढतं. तुम्ही नेमकी ती पहिली झोप मोडून, बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या आणि रानडुकराच्या धास्तीत दारं धरायला जाता. शरीराला त्या वेळेला सावध राहायची सवय लागते. थंडीत आमच्या ओपीडीत अशी माणसं येतात ती बीपीची तक्रार घेऊन. झोपेचं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रातच्या लाईटच्या आठवड्यात जेवण सातच्या आत उरकून लगेच आडवे व्हा. घरच्यांना टीव्ही बंद ठेवायला सांगा. पाणी देऊन आल्यावर राहिलेली झोप अंधाऱ्या खोलीत घ्या. तुषार संच असेल तर पंपाला ऑटो बसवा, दर वेळी तरी उठावं लागणार नाही. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा आणि उन्हात या. दुपारी चारनंतर चहा नको. दोनला जाग आली तर अंथरुणात कूस बदलत पडू नका. उठून बसा, झोप आली की परत जा. कर्जाचा हिशेब संध्याकाळीच कागदावर मांडा, घरच्यांना सोबत घेऊन.

मन फारच खचत असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. महिनाभरात फरक पडला नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. बीपी, साखर, थायरॉइड तपासून घ्या. आणि तुम्ही जोरात घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारूनच जा, कारण ते तुम्हाला स्वतःला कळणार नाही.