जुनी ८ जीबी २४०० ची रॅम आहे, तिच्या जोडीला १६ जीबी ३२०० ची लावली तर चालेल का? (आय५-१०४००, बी४६० बोर्ड, चार स्लॉट)

चालेल. दोन्ही डीडीआर४ म्हणजे एकाच पिढीच्या आहेत, दोन्ही १.२ व्होल्टच्या आहेत, कंपनी वेगळी असल्याने काही अडत नाही. फक्त ३२०० चे पैसे ३२०० म्हणून वसूल होणार नाहीत. बोर्ड दोघींना हळू असलेलीच्या वेगाने, म्हणजे २४०० ने पळवेल. तसंही तुमचा आय५ प्रोसेसर आणि बोर्डवरचा बी४६० चिपसेट (बोर्डची मुख्य चिप) मिळून २६६६ च्या वर जातच नाहीत, त्यामुळे जुनी काढून टाकली तरी नवी २६६६ वरच थांबेल. दुकानदाराने ‘एक्सएमपी चालू करा’ (बायोसमधली, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमधली, रॅम जास्त वेगाने पळवायची सोय) म्हटलं तर दुर्लक्ष करा, दोन वेगळ्या स्टिक असताना ते बंदच बरं.

लेबलवरच्या सीएल आकड्याने (मागितलेली माहिती द्यायला रॅमला लागणारा उशीर) घाबरू नका. जुनीवर सीएल१७ आणि नवीवर सीएल२२ दिसलं की नवी मठ्ठ वाटते, पण तो आकडा क्लॉकच्या ठोक्यांचा आहे, वेळेचा नाही. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा: जुनी १४.१७ नॅनोसेकंद, नवी १३.७५. म्हणजे नवी किंचित चपळच. एकत्र लावल्यावर बोर्ड दोघींच्या एसपीडी चिपमधली (स्टिकवरची छोटी चिप, तिच्यात वेग आणि टायमिंग नोंदलेलं असतं) माहिती वाचून दोघींना झेपेल असं टायमिंग स्वतःच ठरवतो.

वेगापेक्षा मी आकाराकडे जास्त बघेन. ८ + ८ असतील तर सगळी मेमरी ड्युअल चॅनलमध्ये (प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांनी एकाच वेळी) चालते, २४०० ला एका चॅनलचे १९.२ तर दोन्हींचे मिळून ३८.४ जीबी प्रतिसेकंद. ८ + १६ मध्ये इंटेल फ्लेक्स मोड वापरतं: पहिली १६ जीबी (दोन्हीकडची ८-८) ड्युअल, उरलेली ८ सिंगल. ऑफिसच्या कामात हे जाणवत नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल आणि गेम खेळत असाल तर जोडीला ८ चीच घ्या, कारण प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स याच मेमरीतून खातं. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन असेल तर बिनधास्त १६ घ्या. तिथे रॅम कमी पडली की काम डिस्कवर जातं, आणि त्यापुढे सिंगल चॅनलचा तोटा काहीच नाही.

जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून सर्व्हरची रॅम उचलू नका. लेबलवर ‘पीसी४-२४००टी’ नंतर ‘यू’ हवा. ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची, खाचेत नीट बसेल पण तुमच्या बोर्डवर चालू होणार नाही.

लावताना वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, केसच्या उघड्या धातूला हात लावा. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा (बोर्डवर ए२, बी२ असं छापलेलं असतं). लागून असलेल्या दोन स्लॉटांत लावल्या तर बहुतेक बोर्डांवर त्या एकाच चॅनलमध्ये जातात, आणि ही चूक फार होते. खाच जुळवून दोन्ही टोकं ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसली की स्क्रीन काळीच राहते. जुनीचे सोनेरी संपर्क काळवंडले असतील तर साध्या खोडरबराने हलके पुसा आणि कण झटका.

पहिल्यांदा चालू केल्यावर दोनेक मिनिटं काहीच दिसलं नाही तर लगेच बटण दाबू नका, बोर्ड नवं टायमिंग शिकत असतो. त्यानंतरही काही नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डच्या साठवलेल्या सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणा. चालू झाल्यावर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये १२०० दिसेल. तो अर्धा आकडा आहे, बरोबर आहे.

मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. एक जरी एरर आली तरी ती जोडी नको. झिप फायली उघडताना खराब निघणं, अधूनमधून निळी स्क्रीन येणं, हे सगळं त्या एका एररमधून येतं. एरर आली तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासा. एकटी असताना दोघी पास आणि एकत्र नापास होत असतील, तर बायोसमध्ये वेग २१३३ करून बघा. तरीही जमलं नाही तर बदलून घ्या, म्हणून ही चाचणी दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत उरका.