फुगू माशाचा जीनोम (म्हणजे पेशीतला सगळा डीएनए) माणसाच्या एक अष्टमांश, मग आपला उरलेला डीएनए फुकटच का?

बराचसा फुकट, पण सगळा नाही.

फुगू म्हणजे आपल्या केंडाचा जपानी भाऊबंद. दिवाळे कोळीवाड्यात मी केंड जाळ्यातून काढताना पाहिलाय: हात लागला की टम्म फुगतो आणि कोळी शिव्या देत बाजूला भिरकावतो. विषारी, वर जाळं कुरतडणारा, कोणाला हवाय? जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांना हवा होता. माणसाचा जीनोम वाचणं महाग, तेव्हा आधी आटोपशीर पृष्ठवंशी वाचू, असा त्यांचा १९९३ चा हिशेब. २००२ साली फुगूचा आराखडा प्रसिद्ध झाला. डीएनएची अक्षरं ४० कोटींच्या आत-बाहेर, आपली ३०० कोटींवर. प्रथिनं बनवणारी जनुकं मात्र दोघांची साधारण सारखीच.

मग आठपट कशाने? हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक बघा. दोघांतही कामाचे तुकडे ६७. आपल्यात ते सुमारे १ लाख ७० हजार अक्षरांवर पसरलेत, फुगूत २३ हजारांत बसतात. ठाणे-वाशी लोकलची कल्पना करा: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, स्टेशनं तीच, फक्त मधला रूळ सातपट आखूड. (तुर्भ्याला रोज लटकणाऱ्यांना हे आवडेल.) शिवाय आपल्या जीनोमचा जवळपास निम्मा भाग स्वतःच्याच नकला काढत बसलेल्या तुकड्यांचा. एकट्या ‘आलू’ नावाच्या तुकड्याच्या दहा लाखांवर प्रती. फुगूत असे तुकडे प्रकाराने पुष्कळ, प्रतींनी थोडे.

‘मासे’ म्हणून सरसकट बोलू नका, एवढं मात्र सांगतो. झेब्राफिशचा जीनोम १४० कोटींच्या आसपास, आणि ऑस्ट्रेलियन लंगफिशचा आपल्या चौदापट!

आता ‘फुकट’चं. फुगू आणि माणूस वेगळे होऊन सुमारे ४५ कोटी वर्षं झाली. बिनकामाचा मजकूर एवढ्या काळात ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणून दोन्ही जीनोम शेजारी ठेवले की जनुकांबाहेरही जे सारखं उरलंय, ते डोळ्यांत भरतं. २००५ साली असे सुमारे १४०० तुकडे सापडले, बहुतेक गर्भ घडवणाऱ्या जनुकांच्या आसपास. त्यातले २५ झेब्राफिशच्या गर्भात तपासले; २३ तुकडे जनुक चालू करताना दिसले.